आवाज कमी करायचा होता

माझा कॉम्प्युटर अप्पांच्या गिरणीसारखा वाजतो, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगायचे. अप्पा म्हणजे माझे वडील. कंधारला त्यांची पिठाची गिरणी होती. चाळीस वर्षं चालवली, मग लकवा मारला, गिरणी विकली, आणि मी त्यांना नांदेडला माझ्याकडे घेऊन आले. भाऊ हैदराबादला, एका खोलीत चौघं. नवरा किनवटकडच्या आश्रमशाळेत मास्तर. शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटेची गाडी धरतो. म्हणजे आठवडाभर घरात मी, अप्पा आणि कॉम्प्युटर. तिघंही जुनी आणि तिघंही तापट.

माझं काम घरांची चित्रं काढायचं. इंजिनिअर नकाशा पाठवतो आणि घर बांधून झाल्यावर रस्त्यावरून कसं दिसेल ते मी कॉम्प्युटरवर करून देते. याला सगळे एलिव्हेशन म्हणतात. आत स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर यावं लागेल, पण एलिव्हेशन झोकात पाहिजे. गच्चीला काचेचं रेलिंग, दारात मी कॉम्प्युटरनंच उगवलेली दोन खजुराची झाडं. असं एक चित्र पूर्ण व्हायला मशीनला तास-दीड तास आकडेमोड करावी लागते. नवीन मशीन परवडत नव्हतं, म्हणून मी जुन्याचाच वेग वाढवून ठेवला होता. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा प्रोसेसर जोरात पळवायचा. बैल तोच, फक्त गाडीत पोती जास्त. बैल तापणारच. मग त्याला गार ठेवायला आतला तळहाताएवढा पंखा जिवाच्या आकांतानं फिरायचा, आणि घरभर तोच एक आवाज.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत स्वयंपाक, कपाट आणि न उघडणारी एक खिडकी. त्यामुळे बाहेरच्या खोलीत एका भिंतीला माझं टेबल आणि समोरच्या भिंतीला अप्पांची खाट. मी काम करायला बसले की माझी पाठ त्यांच्याकडे. सुरुवातीला ते मला वाईट वाटायचं. नंतर कामाच्या घाईत वाटेनासं झालं, हे खरं आहे आणि ते लिहिलंच पाहिजे.

अप्पांना लेकीच्या घरी राहणं जड जात होतं. जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. अप्पा तेवढे जुने नव्हते, तरी मी दुसरी भाकरी वाढायला गेले की ताटावर हात आडवा धरायचे. दर सोमवारी विचारायचे, "कंधारची गाडी किती वाजता हाय?" डावं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, आवाज तर इतका बारीक झाला होता की जवळ जाऊन वाकावं लागे. ज्या माणसाची हाक गिरणीच्या आवाजातून बाजारात ऐकू जायची, त्याचा आवाज आता खाटेवरून टेबलापर्यंत पोचत नव्हता.

गिरणीतलं त्यांचं एक रूप माझ्या डोळ्यांसमोर पक्कं आहे. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे. पट्टा फटफटतोय, सगळी भिंत थरथरतेय, आणि पांढऱ्या झालेल्या भुवयांचे अप्पा पिठाखाली हात धरून उभे. पीठ बोटांत चोळून बघायचे, जास्त गरम लागलं की दगड थोडा उचलायचे. आणि सगळा वेळ ओठ हलत असायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "मंतर म्हणतो शिवाचा." गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, त्यामुळे कंधारात कुणालाच त्यात नवल वाटायचं नाही. बाया धान्याच्या टोपल्या घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, मंत्र म्हणून दळतो, म्हणून अप्पाच्या पिठाची भाकरी फुगते. मलाही ते खरंच वाटायचं.

संक्रांत होऊन गेली होती. एका दुपारी लातूरच्या एका इंजिनिअरचं बंगल्याचं काम चालू होतं आणि त्याचे दर पाच मिनिटांनी निरोप येत होते. मशीन पूर्ण जोरात. मी गॅलरीचा रंग तिसऱ्यांदा बदलत होते. चहा करावा म्हणून उठले तर अप्पा भिंतीकडं तोंड करून झोपलेले. वास आला. पांघरूण काढलं तर धोतर, गादी, सगळं ओलं. बराच वेळ झाला असावा, कारण गादी गार पडली होती.

आणि मी ओरडले. दमले होते, पाठ दुखत होती, तिकडे इंजिनिअर बोंबलत होता, या सगळ्याचा राग मी त्या माणसावर काढला. "हाक मारायची ना, अप्पा! भांडं दिलं असतं की!"

भिंतीकडूनच उत्तर आलं. "मारली."

एवढंच. मी गरम पाणी आणलं, त्यांना पुसलं, धोतर बदललं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. लेकीनं बापाचं धोतर बदलायचं, ही वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती. रोज सकाळी येणारा नर्सिंगवाला ते करून जायचा. गादी गच्चीवर टाकताना मला रडू आलं, आणि रडतानाही कानात खालच्या पंख्याचा आवाज होता. त्या दिवशी मी ठरवलं की मशीनचा आवाज बंद करायचा. अप्पांची हाक मला ऐकू आलीच पाहिजे.

आधी घंटीचा प्रयोग केला. बटण दाबलं की माझ्या टेबलावर टुंग वाजणारी. अप्पांनी ती दोन दिवस उशाशी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी उजव्या हातानं सरकवत सरकवत खाटेखाली पाडली. "नोकराला बोलवतेत तसं लेकीला बोलवू काय?" म्हणाले. हट्टीपणा कुठून आला माझ्यात असं नवरा नेहमी विचारतो, त्याला मी ती घंटी दाखवली.

मग बाजारात गेले. दुकानदारानं मला बघितल्याबरोबर निळे-जांभळे दिवे लागणारी एक पेटी पुढं केली. "मॅडम, पाण्यावरचा घ्या. लई ठंडा राहतो. आजकाल सगळे हेच नेऊन राहिले." यात एक छोटा पंप नळीतून पाणी फिरवतो आणि पुढची जाळी ते पाणी गार करते. दिसायला छान. पण जाळीवरही पंखे असतातच, पंपाची गुणगुण वेगळी, आणि आमच्याकडं मे महिन्यात खोलीतली हवाच तव्यासारखी तापते, तिथं पाणी गार होऊन होऊन किती होणार? शिवाय एखाद दिवशी पंप बंद पडला तर मशीन गेलंच. किंमत ऐकून तर मीच गार पडले. मी म्हटलं, दिव्यांचं काय करू, मला आवाज नकोय. तो म्हणाला, "आवाज तर सगळ्यालाच राहतो मॅडम, आदत होऊन जाते." आदत झाली होती, तेच तर दुखणं होतं.

घरी येऊन रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा वैतागून अप्पांना सगळं सांगितलं. खरं तर सांगायचं म्हणून सांगितलं, त्यांना काय कळणार असं मनात होतं. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "पंखा केवढा हाय?" मी तळहात दाखवला. त्यांनी नापसंतीनं मान हलवली, एखाद्या शिकाऊ माणसाचं काम बघून हलवावी तशी.

"लहान चाक लई पळतं, म्हून वरडतं. मोठं चाक बशीव. सावकाश फिरंल, वारा तेवढाच दील." मग म्हणाले, "अन् एवढं कशापायी पळवून राहिलीस त्याला? पीठ गरम लागलं तर दगड उचलावा लागतो माय."

बापानं कॉम्प्युटर कधी हाताळला नव्हता आणि माझ्या सहा महिन्यांच्या चुका दोन वाक्यांत काढून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मी वेग थोडा उतरवला आणि प्रोसेसरला जाणारा विजेचा दाबही कमी केला. तासाच्या चित्राला दहा मिनिटं जास्त लागली, पण तापमान एवढं खाली आलं की मला आकड्यांवर विश्वास बसेना. आता राहिलं मोठं चाक.

ते लातूरला मिळालं. लग्नाच्या व्हिडिओचा धंदा बंद केलेल्या एका माणसानं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात प्रोसेसरवर बसवून त्याला गार ठेवायचा, नारळाएवढा एक पितळी-पांढरा टॉवर होता. आत तांब्याच्या नळ्या, भोवती पत्र्याच्या पातळ पट्ट्या, आणि बाजूला बशीएवढा पंखा. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. मी आधी फोटो मागवून बसवायची पट्टी जुळते का ते तपासलं. शिवरात्रीनंतरच्या रविवारी नवरा घरी होता, त्याच्यावर अप्पांना सोपवून एसटीनं गेले आणि आले. जाताना उभ्यानं, येताना बसून, मांडीवर तो टॉवर कपड्यात गुंडाळलेला. शेजारच्या बाईनं विचारलं, देवाची मूर्ती आहे का. मी इतकी थकले होते की हो म्हणाले. तिनं हात लावून नमस्कार केला.

बसवताना अप्पांना उशा लावून बसवलं. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी जुनी, वाळून पापडी झालेली पेस्ट खरवडली, तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, टॉवर चारी बाजूंनी थोडा थोडा आवळला. "येकाच बाजूनं कसू नको," खाटेवरून सूचना. टॉवर दोन बोटं उंच निघाला, मशीनचं झाकण लागेना. नवरा म्हणाला, गेले पैसे. अप्पांनी उजव्या हातानं त्यांच्या पत्र्याच्या पेटीकडं बोट केलं. गिरणी विकताना घरी आणलेली रव्याची चाळण त्या पेटीत होती. झाकणाच्या जागी ती चाळण बांधली. वारा जातो, धूळ अडते. त्या दिवशी अप्पांनी दुसरी भाकरी खाल्ली.

मशीन चालू केलं आणि आधी वाटलं चालूच झालं नाही. पंखा फिरताना दिसत होता पण आवाज नाही. मी पूर्ण बंगल्याचं काम लावलं, तरी कान जवळ नेला तर वारा सुटल्यासारखं हलकं काहीतरी. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला त्या घरात पहिल्यांदा ऐकू आली. शेजारचा कुकर, खालच्या भाजीवाल्याचं भांडण, सगळं स्वच्छ. मी स्वतःवर खूश होते. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी बरोबर झालं होतं.

मंगळवारी दुपारी मागून आवाज आला. बारीक, पण शब्द कळत होते.

"पोरीनं धोतर बदललं माझं त्या दिशी. तुला सांगायचंच राह्यलं. तू आसतीस तर ही येळ आली नसती. लई वरडली गं. वरडली तर काय झालं, दमून जाती ती बी."

मला वाटलं मला काही म्हणतायत. मी वळले. "काय अप्पा? हाक मारली का?"

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. अंघोळ करताना कुणी दार उघडावं तसे ते दचकले. ओठ मिटले. "न्हाई," म्हणाले, "कायबी न्हाई," आणि भिंतीकडं वळले.

त्यानंतर ते बोललेच नाहीत. विचारलं तर हाव किंवा न्हाई. भांडं पाहिजे असलं तर खाटेच्या लाकडावर दोनदा बोट वाजवायचे. ते मला लगेच ऐकू यायचं, मी लगेच उठायचे, काम अगदी माझ्या मनासारखं झालं होतं. पण दुपार दुपार ते छताकडं बघत पडून राहायचे. जेवण पुन्हा कमी झालं. सोमवारी कंधारच्या गाडीचं विचारलं नाही. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलून दिली. गोळीनं काय होणार होतं?

आठवडा गेला. आठव्या दिवशी मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मशीन चालू होतं, ते असून नसल्यासारखं.

"अप्पा, काय झालंय सांगा. माझ्यावर राग आहे का?"

"राग कशाचा?"

"मग बोलत का नाही?"

त्यांनी उजव्या हातानं पांघरुणाची कड सारखी केली. मग म्हणाले, "तुझी मशीन वाजायची तवा बरं व्हतं."

"आवाजाचा त्रास नव्हता होत?"

"न्हाई. गिरणी चालू आसली की माणसानं कायबी बोलावं. कुणाला ऐकू जात न्हाई, कुणाला तरास न्हाई." श्वास घेऊन पुढं म्हणाले, "तुझ्या मायशी बोलतो मी."

माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. "म्हणजे गिरणीत तुम्ही मंत्र म्हणायचा ते?"

ते हसले. लकव्यानंतर त्यांचं हसू एका बाजूलाच उमटतं. "कशाचा मंतर. तवा ती घरी व्हती, पण घरात मानसं पंधरा. तिच्याशी बोलाया जागाच न्हवती. मग गिरणीत बोलायचो. घरी गेल्यावर वाटायचं, सांगून झालंय." आणि मग, "ती गेल्यावर तर सोयच झाली."

"माझ्याशी बोला की."

"तुझं तुलाच कसं सांगू, माय?"

मी उठून आत गेले आणि भाजी चिरायला घेतली. मला त्यांचा राग आला होता, स्वतःचा आला होता, लातूरहून मांडीवर धरून आणलेल्या त्या टॉवरचा तर फार आला होता. एवढ्याशा घरात म्हाताऱ्या माणसाला बोलायला एकच जागा होती आणि मी ती पै पै करून, डोकं चालवून, त्याचीच अक्कल विचारून बंद केली होती. जुना पंखा परत लावायचा विचार आला, पण त्यानं मशीन पुन्हा तापलं असतं. आणि त्या ओल्या गादीचं काय? ती मी विसरू शकत नव्हते.

त्यातून मी जे काढलं ते काही फार हुशारीचं नाही. माळ्यावरून कूलर काढला. होळी व्हायची होती, रात्री अजून चादर लागत होती. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या लवकर? यडी झालीस का?" मी म्हटलं, मशीनला लागतो. कूलर जुना, पत्र्याचा, पंखा थोडा वाकडा, सुरू केला की खडखडाटानं भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. गार वाऱ्यानं अप्पांचा खांदा धरतो म्हणून त्याचं तोंड दाराकडं केलं आणि टाकीत पाणी भरलंच नाही. घरात गारव्यासाठी आणलेल्या दोन वस्तू होत्या. एक आवाज न करता गार करत होती आणि दुसरी गार न करता नुसता आवाज करत होती. नवऱ्यानं शनिवारी आल्यावर दोन्हींकडं बघितलं आणि काही विचारलं नाही, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

अप्पांना मी एवढंच सांगितलं की आता दर अर्ध्या तासानं मी उठणार, भांडं हवंय का विचारणार, हाक मारायची गरज नाही. इंजिनिअर बोंबलला तर बोंबलू दे. मोबाइलवर गजर लावलाय. कधी कधी उठायचा इतका कंटाळा येतो की गजराला शिव्या देते, पण उठते. हे मी पहिल्याच दिवसापासून करायला हवं होतं, त्याला तांब्याच्या नळ्या लागत नव्हत्या.

त्या दिवशी कूलर चालू केला, त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि टेबलापाशी येऊन पाठ करून बसले. काम लावलं. खडखडाटात मागचं काही ऐकू येत नव्हतं आणि मी कान देतही नव्हते. थोड्या वेळानं, हात न लागल्यामुळे, समोरचा पडदा विझून काळा झाला. त्या काळ्या काचेत मागची खाट दिसली. अप्पांचे ओठ हलत होते.

मी पटकन माउस हलवला आणि बंगल्याचं चित्र पडद्यावर परत आणलं.